बारदान

प्रिय मित्रा,

परवा अभ्यासिकेत तू हळूच सांगितलंस की, कॉलेजात कुणी 'कुठं राहतोस' विचारलं की तू 'वाशी' म्हणतोस. राहतोस कोपरखैरण्यात, सिडकोच्या एसएस टाइपच्या छोट्या खोलीत. मी हसलो नाही, कारण मी याहून मोठी थाप मारलेली आहे.

अकरावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. बाबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणजे गोण्या वाहणारे हमाल. मी लिहिलं, 'व्यापार'. मागून मित्राने विचारलं, कसला? म्हटलं, कांद्याचा. झालं! पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीचं लग्न निघालं आणि त्याने होलसेल भावात एक गोणी मागितली. घरी सांगावंच लागलं. बाबांनी ऐकून घेतलं, जेवण संपवलं, हात धुतला. दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे घालून पन्नास किलोची गोणी आणली, टेम्पोत टाकली आणि म्हणाले, "जा, व्यापाऱ्याच्या पोरा. रिकामं बारदान तेवढं परत आण." बस्स, तेवढंच. मला आठवडाभर त्यांच्यासमोर घास उतरेना.

आपल्या शहरात हे जास्त टोचतं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 मध्ये आली आणि तिने घरंच उत्पन्न गटांप्रमाणे बांधली. सेक्टर आणि टाइप सांगितला की समोरच्याला बापाच्या पगाराचा अंदाज येतो. मग पोरं पत्ता गिळतात. शिवाय आपण धड कुठलेच नाही. यात्रेला गावी गेलो की 'मुंबईवाले आले', आणि इथे गावठाणातली पोरं 'घाटी' म्हणतात.

त्या पोरांवर फार चिडू नकोस. आपला सेक्टर उभा आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भात पिकायचं. सिडकोसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक उतरले, जानेवारी 1984 मध्ये उरणकडे जासईच्या बाजूला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. 'साडेबारा टक्के', म्हणजे मोबदल्यात परत मिळणारी जमीन, हा शब्द त्यांच्या घरात तसाच बोलला जातो, जशी आपल्याकडे 'वाराई', माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. आणि 'माथाडी' या ज्या शब्दाची तुला लाज वाटते, तो तर कायद्याच्या नावात आहे. 1969 चा माथाडी कायदा आला म्हणून हमालाला बोर्ड मिळालं, फंड मिळाला. तुझी फी त्यातूनच भरली जाते, हे तुलाही ठाऊक आहे.

पण म्हणून आता उलट्या टोकाला जाऊ नकोस. बाइकच्या नंबरप्लेटवर 'माथाडीपुत्र' लिहून फिरणारे मी पाहिलेत. ते मला माझ्या 'व्यापार'चेच भाऊबंद वाटतात.

सोमवारी कुणी विचारलं तर सरळ 'कोपरखैरणे' म्हण आणि पुढच्या विषयाला लाग. सीवूड्सच्या मित्रांनी मॉलमध्ये बिल वाटून घ्यायचं म्हटलं तर 'मी चहाच घेतलाय' एवढं सांगता आलं पाहिजे. एखादा तोंड वाकडं करेल. बाकीचे मोबाइल बघत बसतील. खरं सांगू? तुझ्या पत्त्याची जेवढी काळजी तुला आहे तेवढी कुणालाच नाही.

रविवारी घरी ये. बाबा आता रिटायर आहेत, गुडघ्यांमुळे फारसे उतरत नाहीत, पण गप्पांना तयार असतात. तो मित्र अजूनही कधीतरी येतो. तो गेला की बाबा मला न चुकता विचारतात, "बारदान आणलं का रे त्याने?"

तुझा,
अभ्यासिकेतला दादा