येळवसला शेतात जाते पण शेत बघतच नाही

प्रश्न (पत्र मोठं होतं, कमी करून देते): मावशी, माझं वय 33. माहेर जालन्याकडचं, सासर औसा तालुक्यातलं. मिस्टर नोकरीला लातूरला म्हणून आम्ही तिथंच राहतो, मुलगी 6 वर्षांची आहे. लग्न झालं तेव्हा आम्ही गावाकडंच होतो. त्या थंडीत हे मला पहाटं उठवून शेतात न्यायचे. एकदा हरभऱ्यावर रात्रभर धोतर अंथरून ठेवलं होतं, सकाळी ते पिळून आंब (हरभऱ्यावरचं आंबट दव) काढली आणि बोटावर घेऊन मला चाटायला लावली, मी तोंड वाकडं केलं तर हे कितीतरी वेळ हसत होते. आता थंडी आली की दर रविवारी हे आणि ह्यांचे मित्र हुरड्याला. मी येते म्हणलं की म्हणतात तुला थंडी सोसत नाही, पोरीला घेऊन घरी बस. येळवसला (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण) ऑफिसचे वीस-पंचवीस जण बोलावतात, मी आणि सासूबाई रात्री 2 पासून चुलीपुढं. 2024 ला तर येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला आणि परत 30 डिसेंबरला, दोन्ही वेळेस मी वाढण्यातच होते. पोरीनं विचारलं आई ते पाच दगड कुणाचे, तर मला उठून जवळ जायला पण झालं नाही. 31 डिसेंबरला तिघंच कुठंतरी जाऊ म्हणलं तर खर्च नको म्हणाले. यंदा येळवसला सरळ माहेरी निघून जावं असं वाटायलंय. जाऊ का?

नको जाऊस पोरी. म्हणजे माहेरी जा की, चार दिवस राहून ये, आईच्या हातचं खाऊन ये, पण येळवसच्या दिवशी नको. तिकडं जालन्याला त्या दिवशी नुसती अमावस्या, कोप (पूजेसाठी शेतात बांधतात ती कडब्याची खोपी) नाही का शेतात जाणं नाही, आणि तू दिवसभर मोबाईलमधी इकडच्यांचे स्टेटस बघत जीव खाली-वर करत बसशील. इकडं लातूर-धाराशिवला कलेक्टर सुट्टी देतात, दुकानं बंद असतात, सगळं गाव शिवारात असतंय. त्या दिवशी लांब गेलेलं माणूस लईच एकटं पडतं गं. आणि पोरगी आता 6 वर्षांची आहे, येळवस म्हणजे काय हे तिच्या मनात ह्याच दोन-चार वर्षांत बसणार, त्यात आई रुसून गेलेली नको.

पण म्हणून परत रात्री 2 ला उठ आणि गप राब असं मी अजिबात सांगत नाही.

तुझं पूर्ण पत्र माझ्यापुढं आहे. स्वैपाकाचा त्रास तू चार ओळीत उरकलास, 31 डिसेंबरचं तर एका ओळीत, पण त्या धोतराचं आणि आंबीचं पान भरून लिहिलंस, धोतराला काठ कसला होता ते पण लिहिलंस. तुला काय पाहिजे ते मला तिथंच कळलं. तुला तो माणूस पहाटं शेतात तुझ्यासोबत पाहिजे. हे मागणं लहान नाही आणि त्याची लाज पण वाटून घेऊ नको. दहा-अकरा वर्षांच्या संसारात असं मागावंसं वाटणं ही चांगली गोष्ट आहे, माझ्याकडं कितीतरी पत्रं येतात ज्यात बायकांना नवऱ्याकडून काहीच नको झालेलं असतंय.

आता एक माझ्या घरचं सांगते. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं येळवस करत होत्या, गावात त्यांच्या भज्जीचं (येळवसच्या मिसळीच्या भाजीचं) नाव होतं. डोक्यावर टोपलं घेऊन यायच्या, कोपीपाशी उतरवायच्या, पूजा, मग वाढणं, मग भांडी गोळा करून घरी. शेवटी शेवटी गुडघे गेले होते, त्या वर्षी आम्ही त्यांना बैलगाडीत बसवून नेलं आणि गाडी जरा आत विहिरीपर्यंत नेली. तर त्या विहिरीत डोकावून म्हणल्या, "एवढं पाणी असतंय व्हय हिला येळवसला?" त्यांच्या स्वतःच्या शेतातली विहीर. उन्हाळ्यात खुरपायला आल्या की आटलेली बघायच्या, आणि भरलेली असायची तेव्हा ह्यांचा दिवस कोपीपाशी. त्या दिवसापास्नं मी ठरवलं की आपल्या घरातली कुणीच बाई कोपीपासून परत फिरायची नाही. म्हणून तुझं पत्र वाचून मला लगेच लिहावंसं वाटलं.

तर पहिलं काम म्हणजे नवऱ्याशी बोलणं. आणि ते रविवारी तो हुरड्यावरून आल्यावर नको, तेव्हा तू चिडलेली असतीस आणि तो पोट भरून आलेला असतोय. "तुम्ही मला वेळच देत नाही" हे पण नको, हे त्यानं इतक्यांदा ऐकलेलं असणार की आता कानावरून जातंय. साधं सांग, "शनिवारी मुक्कामाला गावाकडं जाऊ आणि रविवारी मला साडेपाचला उठवा, मला आंब काढायची." बास. धोतर तूच काढून ठेव पिशवीत, नसलं तर धुतलेला सुती पंचा चालतो. रात्री हरभऱ्यावर अंथरायचा, दवानं भिजतो आणि पानावरची आंब त्यात उतरती. हरभऱ्याचं झाडच ते आम्ल सोडतंय, मॅलिक आणि ऑक्झॅलिक, म्हणून तर पहाटं हरभऱ्यातून उघड्या पायानं चाललं की पाय चुणचुणतात. पोरीला बूट घालून ने, कानटोपी घाल, आणि तिला पण एक थेंब चाटायला दे.

थंडी सोसत नाही ह्याचं मला असं वाटतं की ते पोरीच्या जन्माच्या वेळचं असणार. तेव्हा तू खरंच आजारी होतीस असं तूच लिहिलंय, त्यानं तेव्हा जे मनात धरलं ते धरलं, नंतर सोयीचं पण झालं त्याला, खोटं कशाला बोलू. पण हे भांडून निघायचं नाही. स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून तू दाराशी उभी राहिलीस की आपोआप निघंल.

हुरड्याचं. मित्रांसोबतचं जाणं बंद कर म्हणू नको, गड्यांना पण ते पाहिजे असतंय. पण हुरडा काही सगळा हिवाळा मिळत नाही, कणसात दाणा दुधाळ-मऊ असतो तेवढेच दिवस, मग तो कडक झाला की संपलं. त्या तीन-चार रविवारातला एक तुमचा, हे हक्कानं माग. आणि तयार खायला जाऊ नका, पोरीच्या समोर गवऱ्यांची आगटी लावा, कणसं भाजा, गरम गरम कणीस तळहातावर चोळून फुंकर मारून तूस उडवायचं ते तिला करू दे, पहिल्यांदा अर्धे दाणे पण उडून जातील, जाऊ दे. गुळभेंडी मिळाली तर बघा, दाणा मोकळा होतो लवकर. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, एवढंच न्यायचं, डबे भरून नेलेस तर परत तू वाढपीच होशील. (पार्टीत दारू असते का हे तू लिहिलेलं नाहीस म्हणून नसती असं धरून मी लिहायले. असंल तर परत लिही, त्याचं वेगळं बोलू.)

आता येळवस. पाहुणा बोलावणं ही आपली रीतच आहे, त्या दिवशी बांधावरनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला पण जेवल्याशिवाय सोडत नाहीत, ते मोडायला मी कधीच सांगणार नाही. पण वाटेनं जाणारा येतो तो असंल ते खातो. महिनाभर आधी आवताण दिलेले पंचवीस जण म्हणजे कार्य आहे, आणि कार्य दोन बायकांवर टाकत नसतात. ज्यानं आवताण दिलं त्यानं हात पण लावायचा, हे त्याला असंच सांग, सासूबाईंच्या समोर सांग.

काय हात लावायचा ते पण सांगते, कारण "मदत करा" म्हणलं की गडी म्हणतो काय करू सांग, आणि तोवर दिवस संपतो. भज्जीत शिजवायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो सोलण्यात. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, हे सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीपुढं बसून सोलता येतंय, ते काम त्याचं आणि त्याच्या लातूरच्या दोन मित्रांचं. हुरड्याला येतात तर सोलायला पण येतील. मेथी, कांद्याची पात निवडणं पोरगी पण करती. आंबील तर आदल्या दिवशीच करावी लागती, ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवून ठेवायचं, सकाळी फक्त लसूण-मीठ बघायचं. म्हणजे पहाटं राहिलं काय, भाकरी, बाजरीचे उंडे आणि भज्जीला फोडणी, बेसन आणि चिंचेचा कोळ. खीर सासूबाई करतील. गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, शेंगाच्या पोळ्या, धपाटे, भरीत सगळंच पाहिजे असा हट्ट पंचवीस माणसांत नको, दोन कमी कर, कुणी उठून जात नाही. चारला उठलीस तरी होतंय. आणि आंबिलीचं मडकं त्यानं डोक्यावर घ्यायचं.

शेतात गेल्यावर वाढायला गडी माणसं. हे मी ठामपणे सांगायले. पंगत बसली की तू आणि सासूबाई पहिल्या पंगतीला बसा, आमच्याकडं आता सात-आठ वर्षं असंच चालू आहे, पहिल्या वर्षी चुलतदीर कुरकुरले, दुसऱ्या वर्षी तेच वरण घेऊन फिरत होते.

आणि सासूबाईंना विचार गं एकदा, त्यांनी सगळं शेत येळवसला कधी बघितलं का. तू पत्रात त्यांच्याबद्दल काहीच तक्रार केली नाहीस, फक्त "आम्ही दोघी" एवढंच म्हणलंस, ते मला आवडलं. जेवणं झाल्यावर दुपारी तिघी बांधाबांधानं जाऊन या, त्या वेळी ज्वारी डोक्याच्या वर असती, आत शिरलं की थंडगार वाटतं, त्या तुला कुठली पट्टी कुणाच्या वाटणीची, कुठलं आंब्याचं झाड कुणी लावलं ते सगळं सांगतील, नवऱ्यापेक्षा जास्त त्यांनाच माहीत असंल. नवऱ्यासोबतचं फिरणं मात्र वेगळं ठेव, ते ह्याच्यात मोजायचं नाही.

31 डिसेंबरचं त्याचं खर्चाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, त्या आठवड्यात सगळीकडं दुप्पट रेट असतात. पण "तिघंच" ह्या शब्दाला खर्च लागत नाही. तुमच्या औसा तालुक्यातच खरोसा आहे, टेकडीवर लेण्या आहेत, पोरीला वर चढायला मजा येईल, किती लातूरकरांनी ती बघितलेली नसती. नाहीतर तेरला जा, गोरोबाकाकांचं मंदिर तेरणा नदीच्या काठाला आहे आणि तिथलं म्युझियम बघाच, जुन्या काळी तेर म्हणजे तगर, तिथला माल पार रोमपर्यंत जायचा, त्या काळच्या वस्तू तिथं ठेवल्यात. एसटीनं गेलात तर 2023 पास्नं बायकांना अर्धं तिकीट आहे, पोरीला पण अर्धंच, म्हणजे तुम्ही तिघं दोन तिकिटात. सकाळी धपाटे आणि दह्याचा डबा घेऊन निघायचं आणि दिवे लागायच्या आत घरी. त्याला हे आकड्यात सांग, लगेच हो म्हणंल. माळेगावच्या यात्रेचं तू विचारलं होतंस, ती येळवसच्याच आसपास असती म्हणून त्याच दिवसाचं नको धरू, पुढं एखादा दिवस काढून जा, पोरीला घोडे दाखवायला. गर्दीत तिचा हात दोघांपैकी एकानं धरलेलाच पाहिजे तेवढं बघ.

येळवसला अजून महिना आहे. आधी ती आंबीची सकाळ होऊ दे, मग सोलायचं-वाढायचं बोल, उलटं करू नको. पहिल्याच दिवशी सगळी यादी काढलीस तर त्याला वाटंल बायको हिशोबाला बसली.

आणि ते पाच दगड. पांडव आहेत म्हणून सांग पोरीला. यंदा कोप बांधायला तो आदल्या दिवशी जाईल तेव्हा सकाळी दोन तासांसाठी तुम्ही दोघी पण जा, आंबील काय दुपारी होती. तो कडब्याच्या पेंढ्या उभ्या करील तोवर पोरीला दगड निवडू दे, धुवू दे, चुना लावू दे. चुन्यात हात घालू देऊ नको मात्र, भाजतंय, घरातला जुना ब्रश ने.