जन्मजात पडलेली पापणी: कोडच्या आधीची नोंद

कुडाळजवळच्या ग्रामीण रुग्णालयात आलेल्या ३ वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवरचा रोगाचा कोड बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. त्याची डावी पापणी अर्धी मिटलेली आहे, केसपेपरवर केवळ ‘टोसिस’ (पापणी पडणे) लिहिले आहे आणि कोड एच ०२.४ दिला आहे.

पापणी जन्मापासून तशी असेल, तर हा कोड चुकीचा आहे. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एच ०२ या गटातून पापणीच्या जन्मजात विकृती वगळल्या असून जन्मजात टोसिससाठी क्यू १०.० आहे. मात्र कोड बदलण्याआधी ‘जन्मजात’ कशावरून, हे कागदावर यायला हवे. बारशाचा किंवा पहिल्या गणपतीतला फोटो मागावा. घरच्यांच्या मोबाइलमध्ये तो बहुधा सापडतो. पापणी अलीकडे पडली असेल, संध्याकाळी जास्त पडत असेल किंवा दोन्ही बाहुल्या असमान असतील, तर कारण वेगळे असू शकते आणि मुलाला लवकर वरिष्ठ रुग्णालयात पाठवावे.

मोजमाप करताना भुवईवर अंगठा घट्ट धरावा, म्हणजे मूल कपाळाच्या स्नायूने पापणी उचलू शकत नाही; मग खेळणे खालून वर नेत पापणीची कड किती सरकते ते पट्टीवर वाचावे. ४ मिमी किंवा त्याहून कमी म्हणजे उचलणारा स्नायू दुर्बळ, ८ मिमी किंवा अधिक म्हणजे चांगला. शस्त्रक्रियेची पद्धत मुख्यतः याच आकड्यावर ठरते, म्हणून तो गाळलेला केसपेपर मी अपुराच मानतो. खाली पाहताना पडलेली पापणी दुसरीपेक्षा वर राहते का, हेही लिहावे, कारण जन्मजात दोषात तो स्नायू नीट आकुंचनही पावत नाही आणि नीट सैलही होत नाही. पेज भरवताना पापणी झटकन वर उडते का, हे आईला अवश्य विचारावे. उडत असेल तर तो मार्कस गन, म्हणजे जबडा हलताना पापणी उडण्याचा जन्मजात दोष, आणि त्याचा कोड क्यू ०७.८.

पापणीतली जन्मजात खाच आणि ब्लेफरोफायमोसिस (पापण्यांमधली फट जन्मतःच अरुंद असणे) हे दोन्ही क्यू १०.३ मध्ये येतात. खाच असेल तर आधी बुबुळ कोरडे पडत नाही ना ते पाहावे. ब्लेफरोफायमोसिस मुलीत आढळल्यास जनुकीय सल्ला सुचवावा, कारण त्याच्या एका प्रकारात बीजाशय अकाली निकामी होतात.

क्यू १०.० मध्ये बाजू कळत नाही. ‘डावा डोळा’ हे शब्दांतच लिहावे लागते.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी देताना थेंब टाकून चष्म्याच्या नंबरची तपासणी जरूर मागावी. बाहुली झाकली गेली नसली, तरी तिरप्या नंबरामुळे (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) डोळा आळशी होऊ शकतो, म्हणजे त्याची नजर नीट विकसित होत नाही. तसे आढळल्यास एच ५३.० हा कोड वेगळा जोडावा आणि उपचार शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी थांबवू नयेत.