लाकूड वाळू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परसातला फणस चैत्रात पाडला, फळ्या काढून आणल्या, आजीचं सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात, तोवर चौरंग होईल का, असं विचारलंस. नाही होणार. एक इंची फळी सावलीत वाळायला ढोबळमानाने वर्ष लागतं, आणि आपल्या कोकणात पावसाळा मध्येच आडवा येतो. लाकूड वाळू दे.

उन्हात टाक, असं तुला कोणीतरी सांगितलंय. त्याला माझा नमस्कार सांग. वरचा थर भराभर सुकून आकसतो, आत ओल तशीच, मग फळी तडकते नाहीतर पिळवटते. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. दीड फुटात पाव इंच सहज जातो. आज घट्ट बसवलेली कूस, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, उद्या तिथेच खुळखुळणार. मग ओत फेविकॉल, ठोक खिळे!

मला लोक चेंगट म्हणतात. नात्यातल्या एकांनी देव्हारा सांगितला होता, लाकूड ओलं म्हणून मी पैसे परत केले. ते अजून बोलत नाहीत. काकांचं बैठं मेज त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. रुखरुख आहे, असणारच. पण घाईने करून दिलं असतं, तर त्या डुगडुगत्या मेजावर हिशेब लिहिताना त्यांनी मला रोज ऐकवलं असतं. तू त्यांना ओळखत नव्हतास. असो.

तारीख पाळायचीच असेल तर वखारीतून जुन्या घराचं सागवान आण. ते वाळलेलंच असतं. खिळे तेवढे उपटून घे, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. पण आजीला घरचाच फणस हवाय ना? मग तिलाच विचार. फणसपोळी नीट वाळल्याशिवाय डब्यात भरू न देणारी बाई ती, थांब म्हणायला तिच्यापाशी कसला संकोच?

थप्पी जमिनीपासून वीतभर वर रच. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्याही एकाखाली एक. एका फळीवर खूण करून दर महिन्याला वाण्याच्या काट्यावर तिचं वजन कर. पावसात वाढलं तर घाबरू नकोस. दिवाळीनंतर पुन्हा उतरेल. उतरायचं थांबलं की कळव. तोवर पटाशीला धार लाव. आणि फळ्यांच्या टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावलंस का? पाणी तिथून भराभर निघतं, चिरा तिथेच पडतात. लावलं नसशील तर पत्र बाजूला ठेव नि आधी ते कर.