को-जनची (कारखान्यात उसाच्या चिपाडावर केलेली) वीज तयार, पण ग्रीडला जोडू देत नाहीत : आमच्याकडं झालं ते

दादा, 87 किलो प्रेशरचा बॉयलर चढलाय, टर्बाइन फिरतंय, मोळी पडून गाळप सुरू झालंय आणि ग्रीडची परवानगीच अडकलीय असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून आमचा पहिला सीझन आठवला राव.

आमचा कारखाना सहकारी, रोज 5000 टन ऊस गाळणारा. टनामागं 280-300 किलो बगॅस (रस काढल्यावर उरलेलं चिपाड, हेच बॉयलरचं जळण) निघतो म्हणजे रोजचा चौदा-पंधराशे टन, आणि वीज बाहेर जात नसली की कंडेन्सिंगवर (वाफ प्रोसेसला न देता थंड करून नुसती वीज करायची) लोड घेता येत नाही, कारखान्याला लागेल तेवढीच वीज करायची, साखरेच्या प्रोसेसला कमी पडणारी वाफ पीआरडीएसमधून (टर्बाइन टाळून वाफेचं प्रेशर उतरवणारा व्हॉल्व्ह) द्यायची, मग बगॅस साठतच जातो. यार्ड भरलं. शेवटी पेपर मिलला पडेल भावात घातला, आम्ही अडलोय हे त्यांनाही माहीत होतंच.

अडलं कशावर? मीटरच्या सीटीच्या (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) टेस्ट रिपोर्टवर! 0.2एस म्हणजे अगदी अचूक क्लासचे सीटी, रिपोर्ट चोख, पण एक ऑफिस (कुठलं ते विचारू नका) म्हणे लॅब आमच्या यादीतली नाही. यादी द्या म्हटलं तर ती वरच्या ऑफिसला, तिथं म्हणे खालून पत्र येऊ द्या, तेवढ्यात साहेबांची बदली, नवे साहेब फाईल पहिल्यापासून वाचणार. लेखी एक ओळ कोणी देईना. ऊस थांबतो का तोवर?

माझं मत, पटलं तर बघा. एक मुरलेला माणूस फक्त लाईन, बे (सबस्टेशनमधली लाईन जोडायची जागा) आणि मीटरिंगच्या फायलीवर बसवा, पुढच्या वेळी तर पावसाळ्यातच. मान्य लॅब कुठली ते लेखी विचारा, उत्तर नाही आलं तरी आवकच्या शिक्क्याची प्रत जपून ठेवा. आणि "सोडा हो युनिट, बिलाचं नंतर बघू" असं कोणी तोंडी म्हटलं तर अजिबात ऐकू नका, करार नसताना सोडलेल्या युनिटचे पैसे मागत बसाल. मी वकील नाही, नियम बदलतात, एमईआरसीचे (राज्याचा वीज नियामक आयोग) चालू आदेश कन्सल्टंटकडून तपासून घ्या.

बगॅस साठवताना ढिगांमधे फायरची गाडी फिरेल एवढी जागा सोडा, वरनं तारा जात नाहीत ना बघा. मिलमधून ओलावा 50 टक्क्यांच्या वर येत असेल तर मिल हाऊसवाल्यांना धरा, ते इंबिबिशनचं (रस नीट निघावा म्हणून चिपाडावर मारायचं) पाणी वाढवणार आणि ओल्या जळणानं वाफेचं प्रेशर पडलं की शिव्या बॉयलरवाल्याला. जळणात पाचट मिसळा म्हणून कोणी सुचवेलच, पहिल्या सीझनला नकोच, त्यातल्या पोटॅशनं सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या) राख चिकटते.