सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ॲरिझोना-युटाच्या वाळवंटात मोटारसायकल चालवायला वेगळी तयारी लागते का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये दहा दिवसांत मोटारसायकलवर अमेरिकेतली कोणती राष्ट्रीय उद्यानं होतील आणि खर्च किती येईल. शेवटी जाता जाता लिहिलंय, "आम्ही सोलापूरचे, उन्हाची सवय आहेच." त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय. बाकीचं खाली थोडक्यात सांगतो.

अगदी हेच वाक्य जून २०२४ मध्ये माझे दाजी युटातल्या हँक्सव्हिल नावाच्या गावात पेट्रोल पंपावर बोलले होते. दोन तासांत मी त्यांच्या डोक्यावर बाटली रिकामी करत होतो.

माझा भाचा ॲरिझोनात फिनिक्सला नोकरीला आहे. ताई-दाजी त्याच्याकडे गेले होते, मी मागून गेलो. दाजींनी आयुष्यभर बुलेट चालवली, मीही चालवतो, म्हणून फिनिक्समध्ये दोन गाड्या भाड्याने घेतल्या. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, पेज, कानाब, झायन, ब्राइस, मग युटाचा १२ नंबरचा रस्ता धरून कॅपिटल रीफ, पुढे हँक्सव्हिल, ब्लँडिंग, मॉन्युमेंट व्हॅली आणि फ्लॅगस्टाफवरून परत. दोन हजार किलोमीटरच्या आसपास होतं. आठ दिवस धरले होते, नऊ लागले. नववा का लागला तेच सांगतोय.

पहिले दिवस काहीच त्रास झाला नाही, आणि घात तिथेच झाला. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट वाळू येते, पण हा सगळा मुलूख उंच पठारावर आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ २,१०० मीटरवर, ब्राइसचा काठ २,४०० च्या वर. आपलं सोलापूर साडेचारशेवर. ब्राइसला सकाळी हात आखडले होते. तिथले ते तांबडे सुळकेसुद्धा नदीने कोरलेले नाहीत, भेगांत पाणी शिरून रात्री गोठतं, दिवसा वितळतं, त्याने खडक फुटत फुटत झालेत. म्हणजे थंडीनेच घडवलेली जागा ती. १२ नंबरचा रस्ता तर बोल्डर डोंगरावर २,९०० मीटरपर्यंत चढतो. दाजी दिवसभर गाडीवर घालायचं जाळीचं जाकीट घालून होते, थंडी वाजत होती म्हणून. आणि मनात धरून बसले की अमेरिकेचं ऊन म्हणजे एवढंच.

दुसऱ्या दिवशी कॅपिटल रीफवरून उतरत हँक्सव्हिलला आलो. तिथे एका पेट्रोल पंपाचं दुकान खडक पोखरून आत केलेलं आहे. आत लेण्यात शिरल्यासारखं गार वाटतं. बाहेर आलो आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. दाजींनी जाकीट काढलं, घडी घातली, मागच्या सीटवर दोरीने बांधलं. मी म्हणालो, "दाजी, जाकीट राहू द्या अंगात." म्हणाले, "अरे, सोलापूरच्या माणसाला तू ऊन शिकवतो होय? वारा लागू दे जरा."

पुढे बोललो नाही. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. त्यांच्या लग्नात मी कान पिळायला उभा राहिलो तेव्हा नववीत होतो. आजवर त्यांना उलट उत्तर दिलेलं नाही, तिथेही दिलं नाही. ही चूक माझी आणि ती मी कबूल करतो.

हँक्सव्हिल ते ब्लँडिंग, ९५ नंबरचा रस्ता, साधारण २०० किलोमीटर. मध्ये गाव नाही, पंपाचा भरवसा नाही, फोनला रेंज नाही. दोन्हीकडे लाल भिंती, इतकं देखणं की बघताना तहानेची आठवण राहत नाही. गाडीच्या मीटरवर १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० डिग्री. सोलापूरला एप्रिल-मेमध्ये ४३-४४ बघितलेल्या माणसाला त्यात काय वाटणार? पण तासाभराने दाजींची गाडी हळूहळू रस्त्यावरच्या रेघेकडे सरकायला लागली. सरकायची, एकदम परत यायची. कोलोरॅडो नदीच्या वर, हाइट म्हणून जागा आहे, तिथे गाडी लावायची सोय दिसली आणि मी हात करून थांबवलं. "दाजी, पाणी घ्या" म्हणालो तर "हो" म्हणायला त्यांना केवढा वेळ लागला! शर्ट कोरडा ठक्क. घामाचा पत्ता नाही, नुसत्या बगलेपासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा, एकाखाली एक. दंडाला हात लावला तर चटका बसावा असं अंग, आणि म्हणतात काय, "थंडी वाजतेय."

मी घाबरलो, खरं सांगतो. सावलीला झाड नाही. माझ्याकडे दोन टॉवेल होते, दाजींच्याच मागावर विणलेले, जाड. दोन्ही भिजवून एक डोक्यावर आणि एक मानेवर टाकला. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं त्यांचं चाकांवरचं घर घेऊन आलं. त्यांनी काही न विचारता दाजींना आत घेतलं, एसी लावला, बर्फ काखेत धरायला दिला. दीड तासाने दाजी नीट बोलायला लागले. त्या दोघांनीच त्यांना ब्लँडिंगला दवाखान्यात पोचवलं. मी मागून. दाजींची गाडी रात्रभर हाइटला एकटी उभी. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेलचा मालक मला त्याच्या गाडीतून तिथवर घेऊन गेला आणि पेट्रोलचे तेवढे पैसे घेतले.

आता मुद्दा. ताईच्या घरी आज या गोष्टीचं काय झालंय माहीत आहे? "ह्याने जाकीट घालायला लावलं म्हणून त्यांना चक्कर आली." दोन वेळा भर पंक्तीत ऐकलं. जाकीट अंगात नव्हतंच! माझ्याकडे हँक्सव्हिलच्या पंपावरचा फोटो आहे, दाजी अर्ध्या बाहीच्या शर्टात हसतायत आणि मागच्या सीटवर जाकीट बांधलेलं दिसतंय.

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ डिग्री असतं. हवा त्यापेक्षा थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४० असेल तर तोच वारा उष्णता अंगात घालतो, आणि ताशी नव्वदने जाताना तो किती लागतो विचार करा. मग अंग गार करायला घाम तेवढा उरतो. उघड्या अंगावर त्या कोरड्या वाऱ्यात तो येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही. माणसाला वाटतं घाम येत नाही, म्हणजे बरं चाललंय. आतून पाणी संपत असतं. जाकीट हा वारा अडवतं आणि घाम अंगाशी थांबवतं. हे अमेरिकेतून शिकायची गरज नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर मेंढ्यांमागे फिरणारा धनगर भर मे महिन्यात खांद्यावर घोंगडी घेतो, खुरपायला जाणारी बाई तोंडासकट पदर गुंडाळते. उघडं अंग घेऊन उन्हात कोणी जात नाही आपल्याकडे. दाजींच्या आईसुद्धा जात नव्हत्या.

आणि सोलापूरची सवय म्हणजे तरी काय? दुपारी नवी पेठेतून सात रस्त्यापर्यंत स्कूटर न्यायची, मध्ये लिंबाखाली थांबायचं, रसवंती दिसली की उतरायचं. सलग तीन तास ताशी नव्वदने आपण कधी तळतो? शिवाय उन्हाची सवय अंगात भिनायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि सावलीत राहिलं की काही आठवड्यांत उतरते. दाजी आधी महिनाभर भाच्याच्या एसीत बसून होते.

मी काय करत होतो ते सांगतो. सकाळी पाचला निघायचं, दुपारी एकच्या आत दिवस संपवायचा (हाइटच्या दिवशी उशिरा निघालो होतो). बनियन पाण्यात बुडवून घालायचं, वर जाळीचं जाकीट बंद, मनगटाशी आणि गळ्याशी थोडी फट. पाऊण तास गार राहतं, मग पुन्हा भिजवायचं. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, तहान लागो न लागो, आणि दिवसात दोन-तीन पाकिटं इलेक्ट्राल. ती इथूनच न्या. जोडीदार रेघेकडे सरकायला लागला, चिडचिड करायला लागला, उत्तर उशिरा द्यायला लागला की थांबवायचं, मग तो दाजी असो की सासरा.

हेल्मेटचंही तेच. युटात एकवीस वर्षांवरच्याला आणि ॲरिझोनात अठरा वर्षांवरच्याला हेल्मेटची सक्ती नाही. उघड्या डोक्याने जाणारे दिसतील. तुम्ही घाला.

तुमचे प्रश्न. दहा दिवसांत वर सांगितलेलं सगळं होतं, त्यात आर्चेस उद्यान घालू नका, दमछाक होईल. झायनच्या मुख्य घळीत हंगामात खाजगी गाडी सोडत नाहीत, बसने जावं लागतं. मॉन्युमेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान नाही, नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांची आहे, उद्यानांचा पास चालत नाही, आणि आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर मोटारसायकल नेऊ देत नाहीत. घड्याळाचं लक्षात ठेवा, उन्हाळ्यात ॲरिझोना आणि नवाहो प्रदेश यांच्यात एका तासाचा फरक असतो. पेजला अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नवाहो वाटाड्याशिवाय बघता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथे ११ जण वाहून गेले, पाऊस लांब वरच्या अंगाला पडला होता. वर पडलं की खाली कोरडा ओढा येतो हे आपल्याला सांगायला नको. तिथेही त्या पावसाला मॉन्सूनच म्हणतात, जोर जुलै-ऑगस्टमध्ये. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना त्यावर मोटारसायकलचा वर्ग आहे ना ते बघा. गाडीभाडं मला दिवसाला दीडशे डॉलरच्या आसपास पडलं, विमा वेगळा. २०२६ पासून परदेशी लोकांसाठी उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलर झालाय, ते धरून हिशोब करा. विमान आणि मुक्काम तुम्ही कधी काढता त्यावर आहे.

एक सांगायचं राहिलं. दाजींना बीपीची गोळी चालू आहे, लघवी वाढवणारी. तिनेही अंगातलं पाणी कमी झालं असणार, असं ब्लँडिंगच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. मी डॉक्टर नाही, तेव्हा अशी गोळी चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि भिजलेल्या बनियनची युक्ती कोरड्या हवेतच चालते. कोकणात करून बघाल तर नुसते उकडाल.

जमत असेल तर जून सोडा, सप्टेंबरच्या शेवटी जा. जूनमध्येच जाणार असाल तर दाजींचं जाळीचं जाकीट माझ्याकडेच पडून आहे. मापात बसलं तर घेऊन जा, परत आल्यावर द्या.