वाचकांचे प्रश्न : रंग नंतर, आधी पिकअप

प्रश्न : एका कंपनीची इलेक्ट्रिक गिटारची नवी मालिका दुकानात आली आहे. आकार एकच, पण पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारे चुंबक आणि कॉइल) वेगळे : एकीत तीन सिंगल कॉइल, दुसरीत ‘एचएसएस’, तिसरीत दोन हमबकर. किमतीत फारसा फरक नाही. मुलगा दोन वर्षं अकूस्टिकवर शिकतो आहे. कोणती घ्यावी? (पालक, इंदिरानगर)

उत्तर : एचएसएस घ्या. यात ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप असतो, तर मध्ये आणि मानेजवळ (फ्रेट असलेल्या लांब दांड्याजवळ) सिंगल कॉइल. सिंगल कॉइलचा आवाज खणखणीत आणि मोकळा, पण ती कॉइल घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुणही पकडते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणं) चढवलं की ती गुणगुण गाण्याच्या वर जाते. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि चुंबकही उलटे असतात, त्यामुळे गुणगुण एकमेकींत विरते आणि सूर टिकतो. मुलाला पुढे काय आवडेल हे आज कळणार नाही, म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवलेली बरी. त्याला फक्त जड रॉकच वाजवायचं असेल, तर मात्र दोन हमबकरवाली घ्या.

माहितीपत्रकात स्केलची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबीही बघा. फेंडर कंपनीच्या घराण्यात ती बहुधा २५.५ इंच असते, गिब्सनच्या घराण्यात २४.७५. तारांची जाडी सारखी असली तरी लांब स्केलवर ताण जास्त येतो आणि तार ओढायला बोटांना जोर लागतो. दुकानात दोन्ही स्केलच्या गिटारी हातात घेऊन तार ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळे पैसे गिटारवरही घालू नका, सेटअप (मान, ब्रिज आणि तारांची उंची जुळवून घेणं) आणि बऱ्या केबलसाठी थोडे राखून ठेवा.

प्रश्न : फ्रेटबोर्ड (जिच्यावर तारा दाबतो ती मानेवरची फळी) रोझवूडचा नाही, ‘इंडियन लॉरेल’चा आहे. हलका माल आहे का? (पंचवटी)

उत्तर : नाही. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सुरगाणा-पेठकडच्या जंगलात मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसते ना, तेच झाड. जुन्या घरांच्या खांब-तुळयांना हे लाकूड वापरलेलं आहे. २०१७ पासून रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे नियम आले, त्यानंतर स्क्वायर आणि एपिफोन या ब्रँडच्या बऱ्याच गिटारींवर ऐन दिसू लागला. रंग थोडा फिका, रेषा ठळक, बाकी टिकाऊ. काळजी एवढीच घ्यायची की नाशिकच्या कोरड्या हवेत, हिवाळ्यापासून मेपर्यंत, लाकूड आडवं आकसतं आणि फ्रेटची (फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचू लागतात. लगेच कानस घेऊ नका. गिटार केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत दोन आठवडे ठेवा. तरीही टोचली तरच टोकं घासून घ्या.

प्रश्न : ९-४२ च्या तारा (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) काढून १०-४६ चढवल्या. ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलणारा ब्रिज) मागून उचलला गेला आणि तारा उंच झाल्या. गिटार बिघडली का? (सिडको)

उत्तर : बिघडली नाही. जाड तारांचा ताण वाढला, मागच्या स्प्रिंगचा तेवढाच राहिला, म्हणून ब्रिज पुढे झुकला. मागचं झाकण काढा. स्प्रिंग जिला अडकवल्या आहेत त्या पट्टीचे दोन स्क्रू सारखेच, अर्धा-अर्धा फेरा घट्ट करा. दर वेळी सगळ्या तारा पुन्हा सुरात लावा, नाहीतर अंदाज चुकतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिमी फट राहिली की थांबा.

मग मान बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ०.२५ मिमी हवी. यासाठी गॅरेजवाले टॅपेटसाठी वापरतात तोच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चालतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) तिच्या फिरवायच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. जोर लावावा लागत असेल तर तिथेच सोडा आणि कारागिराकडे न्या, रॉड तुटला तर मानच बदलावी लागते.

त्यानंतर सॅडलने (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याने) सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमी करा. इंटोनेशन (मानेवर वर-खाली सगळीकडे सूर बरोबर येणं) सगळ्यात शेवटी : बारावा फ्रेट दाबून येणारा सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता फक्त स्पर्श करून छेडल्यावर येणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे. बरेच जण हेच आधी करतात. मग उंची बदलली की ते पुन्हा बिघडतं.

प्रश्न : तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. हा दोष आहे का? (सातपूर)

उत्तर : नाही, तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणून असं होतं. गिटारच्या आतल्या, वायरिंगच्या खाचेला तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडली तर गुणगुण आणखी घटेल. पण हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अँप लगेच बंद करा आणि प्लग काढा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय पुन्हा वाजवू नका.