इंग्रजीतल्या 'पॅलिम्प्सेस्ट' या शब्दाचा नेमका अर्थ काय? साहित्यात तो कसा वापरतात?

कोशात 'खोडून पुन्हा लिहिलेलं हस्तलिखित' एवढंच असतं, आणि पुस्तकांच्या परीक्षणांत मात्र शहराला, आठवणींना सर्रास पॅलिम्प्सेस्ट म्हटलेलं दिसतं. कोशातला अर्थ बरोबरच आहे, फक्त अर्धा आहे. खोडलेलं पुरतं जात नाही, हा उरलेला अर्धा.

शब्द मूळचा ग्रीक: 'पालिन' म्हणजे पुन्हा, 'प्साओ' म्हणजे घासणे. मध्ययुगीन युरोपात पोथ्या चर्मपत्रावर लिहीत. वासराचं किंवा मेंढीचं कातडं चुन्यात भिजवायचं, चौकटीवर ताणून तासायचं, वाळवायचं. एवढ्या खटपटीचं पान टाकून कोण देणार? नको असलेल्या पोथीची पानं सोडवून, शाई धुऊन किंवा प्युमिस दगडाने घासून त्यावर नवा मजकूर लिहीत. पण शाई बहुधा मायफळ आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची. ती कातड्यात मुरते, आणि काही काळाने जुनी अक्षरं फिकट तपकिरी रंगात पुन्हा दिसू लागतात.

सर्वांत गाजलेलं उदाहरण आर्किमिडीजचं. त्याच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत पुढे कुणीतरी घासली आणि १२२९ साली तिचं प्रार्थनापुस्तक केलं. पानं आडवी फिरवून मधोमध दुमडली, त्यामुळे प्रार्थनेच्या ओळी गणिताच्या ओळींना काटकोनात जातात. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने खालचा मजकूर ओळखला. त्यालाही जे वाचता आलं नाही त्यातलं बरंच अलीकडे शाईतलं लोह क्ष-किरणांनी टिपून वाचलं गेलं. एकोणिसाव्या शतकातले काही विद्वान अशा पानांवर मायफळाचा अर्क लावून अक्षरं उठवत. अक्षरं उठायची खरी, पण पुढे पानच काळवंडायचं.

साहित्यात १८४५ मध्ये इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सीने मेंदूला पॅलिम्प्सेस्ट म्हटलं: नवा थर जुन्याला झाकतो, पुसत नाही. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, त्यात भारताला हीच उपमा आहे. विचारांचे थरावर थर चढले, पण खालचा कुठलाच पुरता झाकला गेला नाही. ऑर्वेलने '१९८४' या कादंबरीत मात्र रोख उलटा ठेवला. तिथे इतिहास म्हणजे सत्तेला हवा तेव्हा खरवडून पुन्हा लिहायचं पान. शब्द तोच, पण नेहरूंचा भर उरण्यावर, ऑर्वेलचा खरवडण्यावर. वाचताना लेखकाचा भर कशावर आहे तेवढं बघा, निम्मं कोडं सुटतं.

स्वतः वापरताना दोन कसोट्या लावा. पृष्ठभाग एकच आहे का? आणि आधीचं कुणी पुसायला गेलं होतं का? 'मुंबई म्हणजे भाषांचं पॅलिम्प्सेस्ट' हे वाक्य मला चुकीचं वाटतं. भाषा तिथे शेजारी-शेजारी नांदतात, एकमेकींवर लिहिलेल्या नाहीत. त्याला सरळ सरमिसळ म्हणावं. लोअर परळला मात्र तो शब्द चपखल बसतो: गिरणी पाडून टॉवर आणि मॉल उभे राहिले, तरी मध्येच गिरणीचं एखादं धुराडं शिल्लक आहे. परीक्षणांत हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय, जरा जुनं काही दिसलं की ठोकून देतात.

मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द नाही. आपल्याकडे पोथीतली चूक हरताळ या पिवळ्या खनिज रंगाने झाकून वर लिहीत, 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पण तो इथे चालणार नाही, कारण त्यात फक्त नाहीसं करणं आहे. हस्तलिखिताबद्दल असेल तर 'पुनर्लिखित चर्मपत्र' लिहा; उपमा असेल तर 'पॅलिम्प्सेस्ट' तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा करा. विशेषण 'पॅलिम्प्सेस्टिक'. उच्चारात जोर पहिल्या 'पॅ'वर.